चॉपिंग बोर्डाला काय लावायचं? लाकडी बोर्डाचं फिनिश निवडणं, लावणं आणि टिकवणं

टेबलाला किंवा कपाटाला जे पॉलिश वर्षानुवर्षं शोभतं, तेच चॉपिंग बोर्डावर थोड्याच दिवसांत सोलपटू लागतं. टेबलावर रोज सुरी चालत नाही आणि टेबल रोज नळाखाली धरलं जात नाही, इतकंच त्याचं कारण. म्हणून बोर्डासाठी फिनिश निवडताना ‘सगळ्यात टिकाऊ कोणतं?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘उतरलं की घरच्या घरी पुन्हा सहज कोणतं लावता येईल?’ हे विचारा. नवख्या माणसासाठी याचं उत्तर बहुतेक वेळा साधं खनिज तेल आणि त्यावर थोडं मेण हेच येतं. बाकीचे पर्याय का मागे पडतात, हे कळलं की निवड सोपी होते.

तेल लाकडात जाऊन काय करतं

लाकडात अतिशय बारीक नळ्या असतात. झाड उभं असताना त्यांतून पाणी वर चढत असे. फळी झाल्यावरही त्या पाणी ओढायचं सोडत नाहीत. ओल शिरली की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, सुकलं की आकसतं. लांबीत मात्र हा फरक नगण्य असतो. एक बाजू जास्त ओली आणि दुसरी कोरडी राहिली की फळी वाकते, जोड उघडतात, टोकांना चिरा जातात. तेल या नळ्यांत जाऊन बसलं की पाण्याला शिरायला कमी जागा उरते. पाणी पूर्ण अडत नाही, त्याचा वेग कमी होतो. धुऊन लगेच पुसलेल्या बोर्डाला तेवढं पुरतं. सिंकमध्ये तासभर बुडवून ठेवलेल्या बोर्डाला जगातलं कोणतंच तेल वाचवत नाही.

तेल म्हणजे जंतुनाशक नव्हे, हेही आधीच सांगायला हवं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर मुद्दाम जंतू सोडून तुलना केली होती. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात लाकडावरून परत मिळालेले जंतू सर्वसाधारणपणे प्लास्टिकपेक्षा कमी होते आणि लाकडाला खनिज तेल लावल्याने निष्कर्षात फारसा फरक पडला नाही. स्वच्छता साबण, गरम पाणी आणि नीट वाळवणं यांनीच होते. तेलाचं काम पाण्यापुरतं.

पर्याय आणि त्यांचे गुणदोष

*खनिज तेल.* औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन या नावाने मिळतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि ते खवट होत नाही. ते वाळतही नाही, लाकडात द्रवच राहतं. म्हणूनच धुण्याने हळूहळू निघून जातं आणि पुन्हा लावावं लागतं. नवे थर जुन्यात सहज मिसळतात, हा त्याचा मोठा फायदा. घेताना लेबल वाचा. खाण्याच्या किंवा औषधी दर्जाचं हवं. यंत्रांना घालायचं खनिज तेल नको. पोट साफ होण्यासाठी मिळणारी पांढरी, दुधाळ मिश्रणंही नकोत, कारण त्यांत पाणी, गोडी आणि इतर औषधं असतात. बाटलीत फक्त पारदर्शक तेल हवं.

*मेण.* मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नौबा मेण (एका ताडाच्या पानांवरचं) साधारण ८२ ते ८६ अंशांना. नुसतं मेण आत फारसं शिरत नाही, वरवर बसतं. तेलात मिसळून लावलं तर पाणी थेंब होऊन घरंगळतं आणि बोर्ड हाताला छान लागतो. मेण हा तेलाचा जोडीदार समजा, पर्याय नव्हे.

*वाळणारी तेलं.* टंग (याच नावाच्या झाडाच्या बियांचं तेल), जवस आणि अक्रोड ही तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतात आणि मग धुण्याने निघत नाहीत. संरक्षण खनिज तेलापेक्षा सरस, पण धीर हवा. इथे दोन फसवणुका ठरलेल्या आहेत. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल सहसा नुसतं उकळलेलं नसतं. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात. ते बोर्डावर नको. ‘टंग ऑइल फिनिश’ लिहिलेल्या डब्यात बऱ्याचदा व्हार्निश आणि सॉल्व्हंटच जास्त असतं. ‘१०० टक्के शुद्ध’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. आणखी एक: टंग आणि अक्रोड ही दोन्ही बियांची तेलं. त्या बोर्डावरचं खाणाऱ्यांपैकी कुणाला कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी असेल तर खनिज तेलच बरं.

*हार्डवॅक्स ऑइल.* वाळणारं तेल आणि मेण यांचं तयार मिश्रण. चांगलं टिकतं, दिसतंही छान. मात्र अन्नाच्या संपर्कासाठी चालतं असं उत्पादकाने लिहिलेलं असावं आणि पूर्ण वाळण्याची मुदत पाळलेली असावी. जास्त करून वाढण्याच्या ट्रेला हे शोभतं.

*स्वयंपाकाचं तेल.* हाताशी असतं म्हणून सगळे आधी हेच लावतात, आणि इथेच बिघडतं. शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह ही तेलं नीट घट्टही होत नाहीत आणि ताजीही राहत नाहीत. काही आठवड्यांनी बोर्ड चिकट लागतो, खवट वास येतो, आणि तो वास कापलेल्या फळाला लागतो. खोबरेल तुलनेने उशिरा खवट होतं, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे थंडीत आत मुरत नाही. फ्रॅक्शनेटेड खोबरेल, म्हणजे गोठणारे घटक वेगळे काढलेलं, मात्र वेगळी चीज आहे. ते द्रवच राहतं, सहसा खवट होत नाही आणि खनिज तेल नको असणाऱ्यांना चांगला पर्याय आहे.

*थर धरणारी फिनिशेस.* पॉलियुरेथेन, लॅकर, इपॉक्सी, व्हार्निश. कापायच्या बाजूला यांतलं काहीही लावू नका. सुरीचा प्रत्येक घाव त्या थराला चीर पाडतो, चिरेतून पाणी खाली जातं, वरून बंद असल्याने ते बाहेर येत नाही, आणि थर पापुद्र्यांनी सुटू लागतो. ते पापुद्रे अन्नात जातात. चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिशही याच रांगेत बसतं. लाख खाण्यायोग्य आहे, मिठाईवर आणि गोळ्यांवर तिचं चकाकतं आवरण देतात, म्हणून ती ‘सुरक्षित’ म्हणून सुचवली जाते. सुरक्षित आहेच, पण पाण्याने तिच्यावर पांढरे डाग पडतात आणि सुरीपुढे ती टिकत नाही.

बोर्ड कसा आहे ते आधी पाहा

रेषा पृष्ठभागावर लांब पळताना दिसत असतील तर तो फेस ग्रेन किंवा एज ग्रेनचा बोर्ड. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसत असतील आणि प्रत्येक चौकोनात बारीक छिद्रं असतील तर तो एंड ग्रेनचा. त्यात नळ्यांची तोंडं थेट वर उघडलेली असतात, त्यामुळे तो दुप्पट-तिप्पट तेल पितो. ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या, साधारण ३ सेंटिमीटर जाडीच्या एज ग्रेन बोर्डाला सुरुवातीच्या सगळ्या हातांना मिळून साधारण ६० ते १०० मिली तेल लागतं. त्याच आकाराच्या एंड ग्रेन बोर्डासाठी २०० मिली हाताशी ठेवा.

लाकडाप्रमाणेही फरक पडतो. मॅपल आणि बीच यांची छिद्रं बारीक, त्यामुळे तेल सावकाश आणि सारखं मुरतं. सागात स्वतःचा तेलकटपणा असतो, तो कमी तेलात भागवतो. टंग किंवा जवसाचं तेल त्यावर उशिरा वाळतं.

तयारी: निम्मं काम इथेच

बोर्ड पूर्ण कोरडा हवा. धुतला असेल तर एक-दोन दिवस उभा ठेवून वाळू द्या. ओल्या लाकडावर तेल लावलं तर ते वरवरच राहतं, आणि बोर्ड दोन आठवड्यांत पुन्हा पांढुरका दिसतो.

पॉलिश पेपर ८० किंवा १२० नंबरपासून सुरू करा. खरवडे खोल असतील तर ८०, नाहीतर थेट १२०. मग १८०, मग २२०. प्रत्येक वेळी रेषेच्या दिशेनेच घासा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नका. तेल लागलं की राहिलेला प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. २२० च्या पुढे जायची गरज नाही. फार गुळगुळीत केलेलं लाकूड तेल कमी घेतं, आणि त्यावर शेवटी सुरीच चालणार आहे. एंड ग्रेनला घासायला बराच जास्त वेळ लागतो. घासताना मास्क लावा. शिसवीसारख्या लाकडांचा भुगा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो.

आता एक पायरी जी घाईत हमखास गाळली जाते. ओल्या फडक्याने बोर्ड सगळीकडून पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. हात फिरवून पाहा: मघाशी गुळगुळीत असलेला पृष्ठभाग आता खरखरीत, दाढीच्या खुंटांसारखा लागेल. घासताना दबलेले तंतू पाण्याने फुगून उभे राहिलेले असतात. २२० च्या वापरलेल्या पेपरने अगदी हलक्या हाताने ते कापून टाका. जोर दिला तर नवे तंतू दबतील. हे दोनदा केलंत तर पुढे पहिल्या धुण्यात बोर्ड खरखरीत होत नाही. हे टाळलं तर तोच खरखरीतपणा तेल लावल्यानंतर येतो आणि दोष तेलाला दिला जातो.

शेवटी भुगा ब्रशने झटका आणि कोरड्या कापडाने पुसा. एंड ग्रेनच्या छिद्रांत भुगा राहिला तर तेलात मिसळून त्याचा गिलावा होतो. बोर्डाला खाली रबरी पाय लावायचे असतील तर भोकं आत्ताच पाडा, म्हणजे त्यांच्या आतही तेल जाईल. पाय मात्र सगळं वाळल्यावर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवा.

खनिज तेल लावण्याची पद्धत

१. तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, ४० ते ५० अंशांपर्यंत. कोमट तेल पातळ होतं आणि खोल जातं. थेट आचेवर ठेवू नका.

२. बोर्ड जाळीच्या स्टँडवर किंवा चार लहान लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. खाली जुनं वर्तमानपत्र घाला.

३. पहिल्या हाताला तेल सढळ ओता आणि सुती फडक्याने पसरवा. वरची बाजू, खालची बाजू, चारही कडा, मूठ, खाच, सगळीकडे. एकच बाजू तेलवली तर दुसऱ्या बाजूने ओल जास्त येते-जाते आणि बोर्ड वाकतो.

४. पहिली २० ते ३० मिनिटं लक्ष ठेवा. जिथे लाकूड कोरडं दिसू लागेल तिथे पुन्हा तेल घाला. टोकाच्या कडा सगळ्यात आधी कोरड्या पडतील.

५. तासाभराने उरलेलं तेल पुसून बोर्ड रात्रभर उभा ठेवा.

६. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. असे एकूण तीन ते पाच. तासाभरानंतरही तेल जसंच्या तसं वर राहिलं, म्हणजे लाकडाचं पोट भरलं, थांबा.

७. शेवटच्या हातानंतर कोरड्या फडक्याने चांगलं पुसून २४ तास उभा ठेवा, मग वापरा.

एंड ग्रेनचा बोर्ड पुढचे काही दिवस खालून तेल सोडतो. घाबरायचं कारण नाही, पण तोपर्यंत तो लाकडी ओट्यावर किंवा कापडावर ठेवू नका.

मेणाची पेस्ट

वजनाने चार भाग तेलाला एक भाग मधमाशांचं मेण: १६० ग्रॅम खनिज तेलात ४० ग्रॅम मेण. मऊसर मलमासारखी पेस्ट होते. हवा उष्ण असेल किंवा पेस्ट कडक हवी असेल तर तीनास एक. मोजताना मिली आणि ग्रॅम यांची गल्लत करू नका. हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १६० ग्रॅम म्हणजे जवळपास १९० मिली.

पातेल्यात पाणी गरम करा, त्यात उष्णता सोसणारं दुसरं भांडं ठेवा, त्यात आधी मेण वितळवा. मग तेल घाला. थंड तेल पडताच मेणाच्या गुठळ्या होतील. ढवळत राहिलात की पुन्हा विरघळतील. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, ते पेटतं. त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. पारदर्शक झालं की रुंद तोंडाच्या डबीत ओता आणि थंड होईपर्यंत हलवू नका.

तेलाचे हात पूर्ण झाल्यावरच पेस्ट लावायची. बोटभर घेऊन गोलाकार चोळा, कोपऱ्यांत आणि खाचेत साचू देऊ नका. अर्ध्या तासाने किंवा रात्रभराने स्वच्छ कापडाने जोर लावून घासा. हाताला मेणचट लागत असेल तर अजून घासायचं बाकी आहे.

टंग किंवा कच्चं जवसाचं तेल निवडलं असेल तर

तयारी तीच, लावायची तऱ्हा मात्र उलटी. खनिज तेल सढळ, हे तेल कंजूषपणे. पहिल्या हाताला तेल लावा, अर्धा तास मुरू द्या, मग पृष्ठभाग कोरडा दिसेपर्यंत पुसा. ‘थोडं राहू दे, चमक येईल’ हा विचार घात करतो: जाड थर वरून कातडी धरतो, आतून ओला राहतो, चिकट होतो, टंगच्या बाबतीत सुरकुततोही. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी पाहा, छिद्रांतून बाहेर आलेले थेंब पुन्हा पुसा.

टंगचे तीन ते पाच पातळ हात द्या, दोन हातांत किमान एक ते तीन दिवस ठेवा. हवा दमट किंवा थंड असेल तर आणखी. कच्चं जवसाचं तेल याहून संथ असतं आणि काळानुसार पिवळसर होतं. फिकट लाकडावर ते दिसतं. हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. शेवटच्या हातानंतर खेळत्या हवेत दोन ते चार आठवडे ठेवा, जवसासाठी त्याहूनही जास्त. नाक जवळ नेऊन पाहा. तेलाचा वास येत असेल तर थांबा.

चिंध्यांना आग लागते, खरोखर

वाळणाऱ्या तेलात भिजलेलं फडकं गोळा करून टाकलं की तेल ऑक्सिडेशन होताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते, वाढत जाते आणि काही तासांत कापड स्वतःहून पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपल्याबरोबर, बाकी आवरण्याआधी, फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवा. हे जवस, टंग, अक्रोड आणि हार्डवॅक्स ऑइल या सगळ्यांना लागू आहे. खनिज तेलात हा धोका नसतो, नवख्यांना ते आधी सुचवण्याचं हेही एक कारण.

बिघाड आणि त्यांचा इलाज

बोर्ड चिकट लागतोय: वाळणारं तेल जाड बसलं असेल तर टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलावलेल्या फडक्याने घासून वरचा थर काढा, हवेशीर जागी आठवडाभर ठेवा. त्यानेही गेलं नाही तर स्क्रॅपरने खरवडून पुन्हा १२० पासून. मेणामुळे चिकटत असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून पुसलं की काम होतं. खाचांत साचलेले पांढरे ठिपकेही असेच जातात.

खवट वास: कधीतरी स्वयंपाकाचं तेल लावलेलं असतं. साबण आणि गरम पाण्याने घासा, वाळवा, १२० ने वरचा थर काढा. तेल खोल मुरलेलं असेल तर वास पूर्ण जाईलच असं नाही. अशा वेळी बोर्ड कोरड्या कामासाठी ठेवलेला बरा.

काळे-निळे डाग: ओली लोखंडी सुरी बोर्डावर राहिली की लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी अभिक्रिया होते. अक्रोड, ओक, बाभूळ यांवर हे लगेच दिसतं. लिंबाचा रस लावून काही मिनिटं ठेवा, धुवा, वाळवा, पुन्हा तेलवा. डाग ठिपक्याठिपक्यांचा आणि कुबट वासाचा असेल तर ती बुरशी. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून वाळवा, मग घासा. खोल गेलेली बुरशी किंवा उघडा पडलेला जोड असेल तर बोर्ड बदला. चिरेत तेल ओतून ती बुजत नाही; उलट पुढे गोंद धरणार नाही याची खात्री होते.

वाकलेला बोर्ड: फुगीर बाजू ही जास्त ओली बाजू. ती वर, मोकळ्या हवेकडे करून सपाट जागी दोन-तीन दिवस ठेवा. बऱ्याचदा परत सरळ होतो. मग दोन्ही बाजू सारख्या तेलवा.

रोजची निगा

वापरल्यावर साबण-पाण्याने दोन्ही बाजू धुवा, पुसा आणि कडेवर उभा करून वाळवा. डिशवॉशरमध्ये कधीही नाही. तिथली उष्णता आणि पाणी तेल तर धुऊन काढतंच, जोडांतला गोंदही सैल करतं. पुन्हा तेल कधी लावायचं याला कॅलेंडर नको. बोर्डावर पाण्याचे थेंब टाका. गोल राहिले तर ठीक. एखाद्या मिनिटात पसरून खाली गडद डाग पडला तर तेलाची वेळ झाली. रोजच्या वापरात खनिज तेलाला ही वेळ साधारण महिन्याभरात येते, नव्या बोर्डाला आधी. तेव्हा पाच हातांची गरज नसते, रात्री एक हात आणि सकाळी पुसणं पुरे.

फिनिश बदलायचं ठरलं तर क्रम लक्षात ठेवा. पूर्ण वाळलेल्या टंग किंवा जवसाच्या थरावर नंतर खनिज तेल किंवा मेणाची पेस्ट खुशाल लावता येते. खनिज तेल प्यायलेल्या बोर्डावर मात्र टंग नीट धरत नाही, कारण छिद्रं आधीच न वाळणाऱ्या तेलाने भरलेली असतात. तसं करायचंच असेल तर बोर्ड काही महिने तेल न लावता वापरत राहा, थेंब मुरू लागले की वाळवून १२० पासून घासा, आणि आधी खालच्या बाजूच्या कोपऱ्यात टंगचा एक हात देऊन तो आठवडाभरात वाळतो का ते पाहा.